खेळाडू मॅनेजरच्या पद्धतीचे आहेत का, हे ओळखायचं कसं?

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघात सेंटर बॅक (बचावफळीच्या मधला खेळाडू) खेळणाऱ्या मुलानं दोन प्रश्न विचारलेत. पहिला प्रश्न असा: इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबमध्ये मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, रुबेन अमोरिमचं जे झालं (संघ 15 वा राहिला, शेवटी त्याला जावं लागलं), त्यात खेळाडू त्याच्या पद्धतीचे नव्हते की पद्धतच चुकीची होती? दुसरा त्याच्या घरचा आहे. कॉलेजला यंदा नवीन कोच आलेत. त्यांना गोलकीपरपासून छोटे पास देत वर यायचंय. पोरांना ते जमेना. स्वतःच्याच पेनल्टी एरियात (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात) बॉल गमावून गोल खाल्ले, आता संघात कुरबुर सुरू आहे. मग बदलायचं कुणी, कोचनं की पोरांनी?

मी इथं बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवतोय. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

आधी एक सवय सोडायला पाहिजे. संघ पद्धतीला जुळतो का, असं विचारलं की आपण अकरा नावं कागदावर मांडतो, 4-3-3 आहे का 3-4-3 (बचावात, मधे आणि आघाडीला किती जण) आहे ते बघतो आणि 'खेळाडू चांगले आहेत की, मग का जमत नाही' म्हणून मोकळे होतो. अकराच्या अकरा जागांवर पद्धतीचा भार सारखा कधीच नसतो. कुठलीही पद्धत घे, तिचं खरं ओझं तीन-चार जागांवर पडतं. बाकीच्या जागी साधारण बरा खेळाडू असला तरी निभावतं. या जागा पद्धतीगणिक बदलतात. खालून पास देत यायचं असेल तर गोलकीपर, दोन सेंटर बॅक आणि त्यांच्या पुढचा एक मिडफिल्डर. बचावफळी वर नेऊन खेळायचं असेल तर मागे पळून बॉल गाठणारा एक तरी वेगवान डिफेंडर. तिघांची बचावफळी असेल तर दोन्ही विंग-बॅक, म्हणजे कडेच्या पट्टीत बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे. आधी या जागा शोधायच्या आणि तिथल्या प्रत्येक खेळाडूबद्दल विचारायचं: याच्यात जे कमी आहे, ते शिकवून येण्यासारखं आहे का?

कारण सगळं शिकवता येत नाही. कुठं उभं राहायचं, कधी पुढं जायचं, बॉल येण्याआधी अंग कुठल्या बाजूला वळवून ठेवायचं, सहकारी पुढं गेला की त्याची जागा कोण भरणार, हे दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. वेग, उंची, नव्वद मिनिटं वरखाली पळण्याचा दम आणि कमजोर पाय या गोष्टी एका हंगामात फारशा बदलत नाहीत. दबावाखाली डोकं शांत ठेवणं या दोन्हींच्या मधे येतं. थोडं शिकवता येतं, पण त्याला वेळ फार लागतो.

मोठ्या फुटबॉलमध्ये याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण माझ्या मते मॅनेजर अंतोनिओ काँतेच्या चेल्सीचं आहे. 2016 च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलनं त्यांना 3-0 नं हरवलं. काँतेनं लगेच तिघांची बचावफळी लावली, लागोपाठ 13 लीग मॅच जिंकल्या आणि हंगामाच्या शेवटी 93 गुणांनी विजेतेपद घेतलं. यात बघण्यासारखं काय आहे? उजव्या विंग-बॅकच्या जागी त्यानं व्हिक्टर मोझेसला आणलं, जो आधीची तीन वर्षं तीन वेगवेगळ्या क्लबांकडे उसना दिलेला विंगर (कडेनं हल्ला करणारा खेळाडू) होता. मोझेसकडे दम होता, पळण्याची तयारी होती. बचावात कुठं उभं राहायचं हे त्याला येत नव्हतं, ते शिकवण्यासारखं होतं. त्याच्या मागे अझपिलिक्वेता ठेवला. तो मुळात फुलबॅक (बचावफळीत कडेला खेळणारा), त्यामुळे मोझेस वर राहिला तर बाहेरच्या बाजूला धावून जायची त्याला सवयच होती. डावीकडे मार्कोस अलोन्सो हा डाव्या पायाचा. काँतेनं हातात असलेल्या माणसांत काय आहे ते बघून जागा ठरवल्या. शिवाय त्या हंगामात चेल्सीला युरोपातल्या मॅच नव्हत्या. आठवड्यातले दिवस सरावाला मोकळे मिळाले, हेही विसरून चालणार नाही.

आता अमोरिमकडे येऊ. स्पोर्टिंग या आधीच्या क्लबला त्यानं 2020-21 ला पोर्तुगालची लीग जिंकून दिली, 19 वर्षांनी. त्या संघात डावीकडे नुनो मेंडिस होता आणि उजवीकडे पेद्रो पोरो. दोघंही पुढं मोठ्या क्लबांत गेले. म्हणजे त्याच्या पद्धतीचं ओझं जिथं पडतं, तिथं त्याच्याकडे अव्वल माणसं होती. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये, हंगाम निम्म्याकडे सरकलेला असताना, तो युनायटेडला आला. तिथं संघ जमवलेला होता विंगरवर खेळण्यासाठी: रॅशफोर्ड, गर्नाचो, अँटनी. त्याच्या 3-4-3 मध्ये टचलाइन (मैदानाच्या कडेची लांब रेषा) धरून खेळणाऱ्या विंगरला जागाच नाही. पुढच्या तिघांतले दोघं आत, स्ट्रायकरच्या जवळ खेळतात आणि बाहेरची सगळी पट्टी विंग-बॅकची. डावा पाय असलेला, तंदुरुस्त लेफ्ट विंग-बॅक काही युनायटेडकडे नव्हता. म्हणून उजव्या पायाचा दालो बरेचदा डावीकडे खेळला.

हे जरा जवळून बघ, म्हणजे तुला पद्धत कुठं मोडते ते दिसेल. डावीकडे टचलाइनपाशी उजव्या पायाच्या खेळाडूला बॉल मिळतो. पळत राहून सरळ क्रॉस टाकायचा तर तो डाव्या पायानंच टाकावा लागतो. त्याचा त्यावर भरवसा नाही, म्हणून तो थांबतो, बॉल आत ओढून उजव्या पायावर घेतो. तेवढ्यात समोरचा फुलबॅक आणि विंगर दोघंही त्याच्यावर येतात. पेनल्टी एरियात धाव घेतलेला स्ट्रायकर वेळेच्या आधी पोचून उभा राहतो. शेवटी पास मागे सेंटर बॅककडे जातो आणि सगळी चाल पहिल्यापासून सुरू. असं एका मॅचमध्ये वीसदा झालं की प्रेक्षक म्हणतात, संघात जोश नाही. जोशाचा त्यात काही संबंध नसतो. या जागेसाठी लेचे क्लबकडून पॅट्रिक डोर्गूला आणलं ते हिवाळी खरेदीच्या अखेरीस, तेव्हा लीगच्या निम्म्याहून जास्त मॅच होऊन गेल्या होत्या.

दुसरी जागा मधली. या पद्धतीत मिडफिल्डला दोघंच. समोर तिघं असले की या दोघांना मैदानाची सगळी रुंदी पळून झाकावी लागते. कासेमिरोनं तिशी ओलांडलेली. बॉलचं वाचन अजूनही अप्रतिम, पण पाय पूर्वीसारखे पळत नव्हते. ब्रुनो फर्नांडिस कितीतरी मॅच त्या दोघांपैकी एक म्हणून खेळला. ब्रुनोचा स्वभाव धोका पत्करायचा. दहा पासातले चार चुकले तरी पाचवा गोल घडवेल, असा तो खेळाडू. अशा माणसानं पुढं बॉल गमावला तर मागं पाच-सहा जण उभे असतात. त्या दोघांत खेळताना गमावला तर मागं थेट तीन डिफेंडर. 2024-25 ला युनायटेड 42 गुणांवर 15 व्या क्रमांकावर राहिला, युरोपा लीगची फायनल टॉटनमकडून 1-0 नं हरला. पुढच्या उन्हाळ्यात कुन्या, एम्ब्यूमो, शेश्को आले. म्हणजे पैसा आघाडीवर लागला; मधल्या दोघांची आणि बाहेरच्या पट्टीची अडचण बरीचशी तशीच राहिली. जानेवारी 2026 मध्ये अमोरिमला जावं लागलं.

तर माझं उत्तर असं: पद्धत वाईट नव्हती, खेळाडूही वाईट नव्हते. पण ज्या तीन-चार जागांवर पद्धत उभी राहते, त्याच जागा रिकाम्या होत्या, आणि त्यातली कमी शिकवून भरून येणारी नव्हती. हे दिसत असताना पद्धत तशीच धरून ठेवणं हा मॅनेजरचा निर्णय होता, म्हणून जास्त जबाबदारी मी त्याच्याकडे देतो. त्याला हंगामाच्या मध्यात आणणाऱ्या क्लबकडे तर नक्कीच. ज्याची पद्धत इतकी ठरलेली आहे त्याला आणताना 'आपल्याकडे विंग-बॅक आहेत का' एवढं तरी विचारायला हवं होतं.

कुणी म्हणेल, ग्वार्दिओलानं कुठं पद्धत बदलली? मँचेस्टर सिटीत पहिल्या हंगामात, 2016-17 ला, तो एकही करंडक न घेता तिसरा आला आणि पुढच्या वर्षी 100 गुण केले. खरं आहे. पण त्या दोन हंगामांच्या मधे काय झालं तेही बघ. झाबालेटा, सान्या, क्लिची, कोलारोव हे तिशी ओलांडलेले चारही फुलबॅक एका उन्हाळ्यात गेले. वॉकर, मेंडी, दानिलो आले. पायानं खेळणारा गोलकीपर म्हणून एडरसन आला. ओझं पडणाऱ्या जागा त्यानं विकत घेऊन भरल्या. मला त्यातली खरी शिकवण दिसते ती फेबियन डेल्फमध्ये. मेंडीचा गुडघा गेला तेव्हा मिडफिल्डर डेल्फला लेफ्ट बॅकला खेळवलं आणि ते जमलं. कारण ग्वार्दिओलाला तिथं हवं होतं आत येऊन मिडफिल्डरसारखं उभं राहणं आणि नेमका पास, जे डेल्फकडे आधीच होतं.

एका माणसावर पद्धत किती टेकलेली असते हे बघायचं असेल तर 6 नोव्हेंबर 2023 ची टॉटनम-चेल्सी मॅच शोधून बघ. आपल्याकडे ती मध्यरात्रीनंतर दीड वाजता लागली होती. मॅनेजर पोस्टेकोग्लूचा टॉटनम लीगच्या पहिल्या 10 मॅचमध्ये एकही हरला नव्हता. बचावफळी जवळजवळ मध्यरेषेवर नेऊन खेळायचे, आणि ते चालायचं कारण मागे मिकी व्हॅन डे व्हेन पळायला होता. त्या रात्री रोमेरोला लाल कार्ड मिळालं आणि व्हॅन डे व्हेनचा मांडीमागचा स्नायू दुखावला. पुढं उडोगीही बाहेर गेला, नऊ जण उरले. तरी बचावाची लाइन वरच राहिली. टॉटनम 1-4 हरला. त्या धीटपणाचं तेव्हा फार कौतुक झालं. मला ते पटलं नाही. ज्याच्या वेगावर ती लाइन उभी होती तो माणूस मैदानात नव्हता.

आपल्या देशातली दोन उदाहरणं मी पोरांना नेहमी सांगतो. कोच सर्जिओ लोबेरा एफसी गोव्याहून मुंबई सिटीला आला तेव्हा त्याच्या गोव्याच्या संघातले मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि मंदार राव देसाईही मुंबईत आले. सेंटर बॅक, त्याच्या पुढचा मिडफिल्डर, आघाडीमागचा खेळाडू आणि लेफ्ट बॅक. जागा बघ कुठल्या आहेत त्या. जाहू खाली येऊन डिफेंडरांच्या जवळ बॉल घ्यायचा आणि तिथून चाल सुरू व्हायची. 2020-21 ला मुंबईनं लीगमध्ये पहिलं येण्याची शील्ड आणि आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) करंडक दोन्ही घेतले, पहिल्याच वर्षी. लोबेराला त्या जागांवर शिकवत बसावं लागलं नाही.

दुसरं उदाहरण कोच खालिद जमीलचं, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं, कारण आपल्यासारख्यांच्या हातात विकत घेणं नसतंच. 2016-17 ला त्याच्या आयझॉलनं आय-लीग जिंकली, 37 गुण, मोहन बागानपेक्षा एकच जास्त. ज्या संघाची आदल्या हंगामात खालच्या लीगमध्ये रवानगी झाली होती आणि मग पुन्हा लीगमध्ये घेतलं होतं, तो हा संघ. मिझोरामची चपळ, न दमणारी पोरं, मोजके परदेशी आणि बाहेरच्या क्लबांनी सोडून दिलेले काही. त्यानं त्यांना एकमेकांजवळ ठेवलं, बचाव घट्ट केला आणि बॉल हिसकावला की सरळ पुढं. बॉल जास्त वेळ स्वतःकडे ठेवायचा अट्टाहास केला नाही. मॅनेजर रानिएरीच्या लेस्टरनंही 2015-16 ला हेच केलं. हुथ आणि मॉर्गन सावकाश पळणारे म्हणून लाइन खाली ठेवली, व्हार्डीचा वेग पुढच्या मोकळ्या जागेत वापरला. अशा खेळाला कमी दर्जाचं समजणारे लोक भेटतात. माझ्यासाठी हातात असलेल्या माणसांना नीट ओळखणं हे कोचिंगमधलं सगळ्यात अवघड काम आहे.

आता तुझ्या संघाकडे. तुझे कोच जे करू बघतायत ते 2019 पासून जगभर वाढलं. तेव्हा नियम बदलला आणि गोल किक पेनल्टी एरियाच्या आतच सहकाऱ्याला घेता येऊ लागली. समोरच्यांना किक होईपर्यंत एरियाच्या बाहेर थांबावं लागतं. आता हिशोब कर. कीपरनं गोल एरियाच्या (गोलसमोरच्या छोट्या चौकोनाच्या) रेषेवर तुझ्याकडे बॉल दिला. पेनल्टी एरियाची रेषा गोललाइनपासून 16.5 मीटरवर, गोल एरियाची 5.5 वर. समोरच्या स्ट्रायकरला तुझ्यापर्यंत यायला 11 मीटर. चांगला पळणारा पोरगा उभ्यानं सुटून ते अंतर दोन सेकंदांत कापतो. म्हणजे बॉल घेऊन, बघून, पुढं द्यायला तुझ्याकडे जेमतेम दोन सेकंद.

गवताच्या सपाट मैदानावर दोन सेकंद पुरतात. आपल्याकडे मुरूम, काळी माती, पावसाळा संपला की टणक झालेले बुटांचे खड्डे. जमिनीवरून दिलेला पास तुझ्याजवळ येईपर्यंत नडगीएवढा उडालेला असतो. पहिला टच उडालेला बॉल थांबवायलाच जातो, दुसरा ताब्यात घ्यायला. तेवढ्यात दोन सेकंद गेले. वर तू उजव्या पायाचा असून डावीकडे खेळत असशील तर अंग आतल्या बाजूला वळतं, म्हणजे पळत येणाऱ्याच्या तोंडावरच. यात तुझी हिंमत कमी पडली असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

म्हणून कोचना एक चाचणी सुचव. कीपर, दोन सेंटर बॅक आणि एक मिडफिल्डर विरुद्ध तीन प्रेस करणारे (बॉल हिसकावायला अंगावर धावून येणारे), आणि तेही पूर्ण जोर लावून येणारे. जिथं मॅच होतात त्याच मैदानावर, कृत्रिम टर्फवर नाही. गोल किकपासून सुरू करायचं आणि बॉल ताब्यात ठेवून एरियाच्या दहा पावलं बाहेर काढायचा. दहा-दहाचे तीन डाव. दहातून सात वेळा बाहेर निघालात तर कोचचं ऐका, त्यांना दोन महिने द्या, गोल खाल्ले तरी. चार किंवा कमी निघालात तर मॅचमध्ये ते करू नये. पाच-सहा आले तर बॉल कोणाच्या पायाशी गमावला जातो ते बघायचं. बहुतेक वेळा एकच माणूस सापडतो, आणि त्याची जागा बदलून प्रश्न सुटतो. मिडफिल्डला खेळणारा एखादा शांत डोक्याचा, डाव्या पायाचा पोरगा सेंटर बॅकला उतरवून बघितलं तर फरक लगेच दिसतो. डेल्फचं सांगितलं ते यासाठीच.

खालून येणं सोडलं म्हणजे कोचची सगळी पद्धत सोडली असं नाही. त्यांना मुळात बॉल समोरच्याच्या हाफमध्ये आपल्याकडे हवा आहे. तो तिथं लांब किकनंही नेता येतो, फक्त किक ठरवून मारायला पाहिजे. कीपरनं दरवेळी एकाच पट्टीत मारायचं, समज उजव्या टचलाइनपासून दहा-पंधरा पावलं आत. तिथं तुमचा सगळ्यात उंच पोरगा. त्याच्या पुढं एक, मागं एक, आतल्या बाजूला एक. हेडर कुणीही जिंको, पडणारा दुसरा बॉल आपल्या चौघांपैकी कुणाच्या तरी जवळ पडतो. याला दर्जेदार टच लागत नाही, जागा लक्षात ठेवायला लागतात, आणि ते पंधरा दिवसांत येतं.

प्रेसिंगचंही असंच. टीव्हीवरचं नव्वद मिनिटांचं प्रेसिंग प्रीमियर लीगमध्ये पाच बदली खेळाडूंच्या जोरावर चालतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तीनला मॅच, लागोपाठच्या दिवशी दुसरी, आणि बाकावर खरोखर उतरवता येतील असे दोनच. अशा वेळी प्रेस फक्त ठरलेल्या क्षणी करावा: समोरच्याची गोल किक, त्यांचा थ्रो-इन, त्यांच्या डिफेंडरचा पाठमोरा टच. बाकी वेळ मध्यरेषेपर्यंत मागं येऊन जवळजवळ उभं राहायचं.

राहिला प्रश्न कोचशी बोलायचा. घोळका करून जाऊ नका, तक्रार तर अजिबात नेऊ नका. सरावानंतर कॅप्टननं आणि तू जाऊन एकच नेमका प्रश्न विचारा: 'सर, कीपरकडून माझ्याकडे बॉल आला, समोरून दोघं आले, मिडफिल्डर मार्क झालाय, तर मी बॉल कुणाला द्यायचा?' सरांनी मैदानात उभं राहून एखाद्या खेळाडूचं नाव घेतलं, त्याला हाताला धरून जागेवर उभं केलं, तर या माणसाच्या डोक्यात चित्र पक्कं आहे. त्यांच्यावर विश्वास ठेवून मेहनत करा. उत्तर 'घाबरू नका, खेळत राहा' एवढंच आलं, तर वर सांगितलेली चाचणी घेऊ या का, असं तिथंच विचारा. आणि त्या दिवशी आकडे लिहायला संघातला जो खेळत नाही अशा एखाद्याला वही देऊन बसवा, म्हणजे नंतर वाद राहणार नाही.